उत्तरात मी सुस्थितीत आहे

मी स्लॅब बोलतोय. माणसं भिंतींना रंग देतात, फरशी पुसतात, दाराला तोरण बांधतात. स्लॅबकडे मात्र गळू लागल्याशिवाय कोणी मान वर करून बघत नाही. भिवंडीच्या वळ गावामागे टेकडीच्या उतारावर एक पाडा आहे. तिथल्या एकखोली शाळेचा मी स्लॅब. आजवर मी खालच्यांचं ऐकत आलो. आज बोलतोय, कारण सोमवार जवळ आलाय.

माझा जन्म घाईत झाला. कंत्राटदाराला पावसाआधी काम उरकायचं होतं. त्याने खाडीची रेती आणली. खारी रेती लोखंडाला आतून खाते, हे त्याला ठाऊक होतं, पण त्याची मुलं काही माझ्याखाली बसणार नव्हती. नव्या स्लॅबला बाळंतिणीसारखं जपावं लागतं, सारखं पाणी मारावं लागतं. पाड्यावरच्या बायांनी ओढ्यावरून हंडे आणून ओतले. पण खालून आधाराला लावलेल्या फळ्या लवकर निघाल्या आणि मी कच्च्या अंगानेच उभा राहिलो.

तरी ते दिवस चांगले होते. माझ्या सावलीत पाढे घुमायचे. सरू नावाची एक मुलगी माझ्याखाली सही करायला शिकली. तिच्या घरात तोवर सगळे अंगठाच उठवत. आता सरू गोडाऊनमध्ये पॅकिंगची ड्युटी करते आणि तिची मुलगी जागृती तिच्याच जागी, खिडकीजवळ बसते.

या मुलांच्या शिक्षिका माधवीबाई. रोज भिवंडीहून स्कूटरवर येतात. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर जातो. पोरंही मागोमाग जायची आणि शाळा ओस पडायची. बाईंनी घरोघर फिरून, प्रसंगी भांडून, पोरांना आजी-आजोबांपाशी ठेवून घेतलं. "तुमी जाल भट्टीला, पोरं माझी," असं त्या सरूच्याच बोलीत बजावायच्या. म्हणून पोरांना बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बस म्हटलं की बसायचं.

मग गोडाऊनं वाढत वाढत टेकडीपर्यंत आली. शाळेखालच्या रस्त्यावरून कंटेनर धावू लागले. एकेक कंटेनर वळताना माझ्या पोटातून थरथर जाते. आतल्या सळया गंजून फुगल्यात. फुगलेली सळई काँक्रीटला हळूहळू सोलत जाते. आधी पोपडे पडले, मग भेगा आल्या. प्रत्येक पाहणीच्या आधी माणसांनी त्यांवर चुना फासला. माणसांची ही सवय मला कधीच कळली नाही. दुखणं झाकलं की त्यांना ते बरं झाल्यासारखं वाटतं.

अशात एका खासदारांनी लोकसभेत प्रश्न विचारला: जिल्ह्यातल्या किती शाळांत पाणी आहे, किती वर्गखोल्या धोकादायक आहेत? प्रश्न चांगला होता. तो दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला उतरत आला आणि शेवटी माधवीबाईंच्या मोबाईलवर येऊन पडला. बाई तेव्हा खिचडी वाढत होत्या.

पाठोपाठ केसरीनाथ सरांचा फोन. ते केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे.

"बाई, संध्याकाळच्या आत भरा. सुस्थितीत की धोकादायक, एवढंच."

"सर, धोकादायक भरलं तर दुरुस्ती होईल?"

"होईल तेव्हा होईल. तोवर मुलं राहनाळच्या शाळेत पाठवायची. आणि एवढ्याशा पटाची शाळा एकदा बंद झाली की पुन्हा उघडते का, ते तुम्हाला माहीत आहे."

बाईंना माहीत होतं. पलीकडच्या पाड्यावरची शाळा अशीच 'तात्पुरती' बंद झाली होती. तिथल्या मुली कंटेनरचा रस्ता ओलांडून राहनाळला गेल्याच नाहीत. त्या आता खोक्यांवर लेबलं चिकटवतात.

बाईंनी वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग खाली बघून मोबाईलवर बोट टेकवलं. सुस्थितीत.

शाळा वाचवायला बाईंनी असं उत्तर दिलं, आणि त्याच उत्तराने दुरुस्तीचं दार बंद होत गेलं. माझ्यासारख्या कितीतरी खोल्या त्या संध्याकाळी अशाच बऱ्या झाल्या असतील. त्यांची बेरीज होऊन दिल्लीला गेली. मंत्र्यांनी उत्तर वाचलं: या तालुक्यात एकही वर्गखोली धोकादायक नाही. बाकं वाजली म्हणे.

त्यानंतरच्या आठवड्यात माझा एक ढलपा सुटला. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण सळईच उरली नव्हती. तो जागृतीच्या ताटात पडला. ताट वाकलं. ती नुकतीच पाणी प्यायला उठली होती, म्हणून वाचली.

बाई त्याच दुपारी दुरुस्तीचा अर्ज घेऊन केसरीनाथ सरांकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी सर स्वतः शाळेत आले आणि अर्ज परत देत म्हणाले, "हा मी पुढे पाठवू शकत नाही. संसदेत उत्तर गेलंय, बाई. आता खोली धोकादायक म्हटली तर सभागृहाला खोटी माहिती दिली असं होईल. दिली कोणी? तुम्ही. तपासली कोणी? मी."

"मग आम्ही काय करायचं?"

दारात उभी असलेली सरू म्हणाली, "सायब, तुमी स्लॅबलाच सांगा ना. म्हणावं, दिल्लीत तुला धडधाकट लिवलाय, आता पडायचा न्हाय."

पोरं हसली. सर हसले नाहीत.

सरूच्या घरची एक रीत आहे. घराचा खांब कलला की टेकू लावायचा आणि टेकू असेपर्यंत त्या घरात चूल पेटवायची नाही. माणसांनी मांडवात राहायचं. घर आजारी आहे, त्याला त्रास द्यायचा नाही. सरूचा नवरा वाघ्या सागाचे दोन सोट घेऊन आला आणि माझ्या पोटाखाली टेकवले. जन्मल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी मला हात दिला. शाळा सरूच्या अंगणातल्या मांडवात भरू लागली. तिथून पाढे ऐकू यायचे. खाली कोणी नाही, याचंच मला सुख होतं.

पण दिल्लीत कोणीतरी उत्तरावर शंका घेतली. वरून हुकूम आला: प्रत्येक खोलीचा फोटो पाठवा, विद्यार्थी आत बसलेले दिसले पाहिजेत.

केसरीनाथ सर सकाळीच आले. पहिलं काम म्हणजे टेकू काढायला लावले.

"काढू नका, सायब," वाघ्या म्हणाला. "मी टेकूच्या पायाजवल स्लॅबची माती बगितली. रोज पडते."

"टेकू दिसला तर ती सुस्थिती कशी? पाच मिनिटांचं काम आहे. मग परत लाव."

वाघ्याने हात लावला नाही. सरांबरोबर आलेल्या माणसाने सोट ओढून बाहेर टाकले. सर बाईंकडे वळले. बाई हळूच म्हणाल्या, "आत बसा रे." पोरं आली, मांडी घालून ओळीत बसली. जागृती खिडकीजवळ.

सरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच मोबाईल धरला.

सरू म्हणाली, "सायब, आत या ना. पोरांच्या मागं उबे ऱ्हा. फोटो शोभंल."

"मला इथून सगळे दिसतायत."

"आमाला बी तुमी इथून दिसताय."

 खालच्या वळणावर कंटेनरने गिअर बदलला. थरथर माझ्यात शिरली आणि बारीक माती पोरांच्या केसांवर सांडली. बाईंनी ती पाहिली. त्या एकदम आत आल्या, "उठा! बाहेर! पळा!" म्हणाल्या आणि शेवटचं पोर बाहेर जाईपर्यंत माझ्या अगदी खालीच उभ्या राहिल्या. मग सरांना म्हणाल्या, "आता काढा फोटो. खाली लिहा, मी खोटं भरलं होतं."

सरांनी फोटो काढला नाही. चुना ताजा असतानाचा, मागच्या वर्षी ध्वजवंदनानंतर वर्गात काढलेला एक फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये होता. मुलं रांगेत बसलेली, वर मी पांढराशुभ्र. तोच गेला. उत्तर कायम राहिलं. माधवीबाईंची दूर शहापूरकडे बदली झाली. शाळेला कुलूप लागलं आणि किल्ली सर घेऊन गेले. टेकू बाहेर गवतात पडलेत.

सोमवारी नवे गुरुजी येणार आहेत. कोण येणार, ते बाईंनाही कळलेलं नाही. त्यांना किल्ली मिळेल आणि माझी माहिती मिळेल. त्या माहितीत मी ठणठणीत आहे.

आज सरू दाराशी येऊन गेली. सोमवारी तिची सकाळची शिफ्ट आहे, आणि सुट्टी मागितली की गोडाऊनवाले तिच्या जागी दुसरीला घेतात. वाघ्या म्हणाला, "मी सांगन गुरुजीला."

"आन् गुरुजी म्हणला, सरकारात बरी हाय खोली, मंग?"

 सरूने जागृतीचे खांदे धरले. "दार उगडलं तरी आत जायचा न्हाय. आयकलास?"

"आन् गुरुजी म्हणले आत बस, तर?"

सरूने तोंड उघडलं. पण गुरुजींचं ऐकू नकोस, असं या पाड्यावर आजवर कुठल्याच आईने पोरीला सांगितलेलं नाही. 

तुम्ही भिवंडीकडे असाल, वळच्या रस्त्याने जाणार असाल, तर सोमवारी शाळा भरायच्या आत या. गुरुजींना सांगा, वर्ग मांडवात घ्या. माझं म्हणणं कुठल्याच उत्तरात नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. मी धरून आहे. पण मला खाली बसलेलं पोर ओळखता येतं, सावरता येत नाही.