काकूची जागा

काकूने पुढचे दोन्ही पाय गाडीच्या फळीवर रोवले आणि ती तशीच उभी राहिली. ना पुढे, ना मागे. तिची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने दोर ओढून पाहिला, मानेवर थापटले, मग तिच्या कानाशी लागून काहीतरी सांगितले. काकूने एक लांब श्वास सोडला. सकाळच्या थंडीत त्याची वाफ झाली आणि विरून गेली.

“ढकलू नकोस,” ताई म्हणाली. “तिचं तिला ठरवू दे.”

पागेतले सगळे तिला ताई म्हणत. घोडे शर्यतीसाठी तयार करणे हा तिचा धंदा होता. तिच्या आधी तिच्या वडिलांचा. काकू म्हणजे पागेतली सर्वांत म्हातारी घोडी. शर्यत तिने कधीच जिंकली नव्हती. पण कितीही बिथरलेले जनावर तिच्या शेजारच्या खणात बांधले की निमूट खायला लागे, म्हणून तिचे नाव काकू पडले होते.

शर्यतीच्या मैदानाचे डॉक्टर कॉलर वर करून उभे होते. त्यांचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

“फार उपकार झाले, ताई. पाहुण्याने भिंतीला लाथा मारून मारून मागचा पाय सोलून घेतलाय.”

दर हिवाळ्यात मोठ्या शर्यतींचा सोहळा असे, आणि त्यासाठी समुद्रापलीकडून विमानाने घोडे येत. यंदाच्या पाहुण्याला तर वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतले होते. परक्या जागी एकट्या घोड्याचे मन रमत नाही, म्हणून असा घोडा आपला सोबती बरोबर घेऊन येतो. या पाहुण्याच्या सोबत्याला प्रवासात ताप भरला आणि तो विमानतळावरच अडकला. आता शांत स्वभावाची दुसरी घोडी हवी होती, आणि काकूहून शांत घोडी आसपास कुठे नव्हती.

“तुमचाही घोडा त्याच शर्यतीत आहे,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही नाही म्हणाला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं.”

“पाय सोललेल्या घोड्याला हरवून काय मिळवायचं?” ताई म्हणाली. बोलता बोलता तिला जांभई आली, आणि ती तिने लपवली नाही.

“सोबती बरा झाला की लगेच आणून सोडतो. फार तर शर्यतीपर्यंत.”

तेवढ्यात काकू आपणहून फळी चढली. कुणाकडे तरी भेटायला जावे तशी आत गेली आणि शांतपणे तोंड फिरवून उभी राहिली. दार लागले. पागेतून लाडोबा खिंकाळला. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी तो खिंकाळतच राहिला.

लाडोबा ताईचा घोडा. इतक्या वर्षांत तिच्या हाताखालून कितीतरी घोडे गेले. पण परदेशी घोड्यांच्या रांगेत उभा करावा असा हा पहिलाच. आईवेगळे शिंगरू म्हणून आला त्या दिवसापासून तो काकूच्या शेजारी वाढला होता. दोन खणांमधली भिंत छातीइतकीच उंच होती, आणि खाताना मधूनमधून तिच्यावरून मान काढून काकूकडे बघायची त्याची खोड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने गव्हाणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी बोटे फिरवली. दाण्याची चंदी जशीच्या तशी होती. वरवर नाक फिरवून त्याने ती फक्त ओली केली होती. खणातल्या पेंढ्यात गोल वाट पडली होती. लाडोबा चकरा मारत होता, थांबत होता, भिंतीवरून पलीकडे बघत होता आणि पुन्हा चालत होता.

मग एकेक उपाय सुरू झाले. मोतद्दार शेजारच्या खणात बसून राहिला. त्याला डुलकी लागली आणि तो घोरायला लागल्यावर लाडोबा आणखीच बिचकला. रेडिओ लावला. भिंतीला आरसा टांगला, तर आरशातल्या घोड्यावर त्याने कान मागे टाकले. शेवटी बकरी आणली.

बकरी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी गव्हाण लख्ख होती. मोतद्दार धावतच ताईकडे आला. “खाल्लं, ताई! चाटूनपुसून खाल्लं!” ताई अर्धा चहा तसाच टाकून आली. गव्हाण खरोखरच रिकामी होती. लाडोबा कोपऱ्यात तोंड घालून उभा होता, बकरी मात्र पेंढ्यात आडवी पडून जड श्वास घेत होती, आणि तिचे पोट ढोलासारखे फुगले होते.

मोतद्दाराने बकरीला उचलले आणि नेले.

दुपारी ताई जेवण घेऊन वडिलांच्या खोलीत गेली. घर पागेला लागूनच होते. वडील खिडकीशी बसले होते, पण खुर्ची अशी फिरवलेली की पागा दिसू नये. लोक त्यांना मास्तर म्हणत. धंदा मुलीच्या हाती दिल्यावर ते आसपासच्या मुलांना घोड्यावर बसायला शिकवीत. काकूच्या पाठीवरून पडलेली आणि पुन्हा चढलेली मुले आता स्वतः आईबाप झाली होती. उन्हाळ्याआधी ताईची आई गेली आणि शिकवणी बंद पडली. मुले दोनतीनदा दाराशी येऊन परत गेली. सकाळचे ताट टेबलावर झाकलेले होते. ताईने झाकण उचलून पाहिले आणि परत ठेवले.

“बाबा, दोन घास तरी.”

“भूक नाही गं.”

“लाडोबालाही नाही.” ती पलंगाच्या कडेवर बसली. बूट काढायचेही तिच्या अंगात त्राण नव्हते. “तो खात नाही, तुम्ही खात नाही. मी कुणाकुणाच्या तोंडाशी घास धरू?”

वडील खिडकीबाहेरच बघत होते.

“काय काय करून पाहिलंत?”

“सगळं. काल बकरी आणली.”

“बकरी?” त्यांनी मान वळवली.

“तिने त्याची चंदी खाल्ली. आम्हाला वाटलं, त्यानेच खाल्ली.”

वडील तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे.

“कुणाची अक्कल ही?”

“माझी.”

“वाटलंच,” ते म्हणाले. जेवणाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

संध्याकाळी मोतद्दाराने ताईला खुणेने बोलावले. काकूच्या खणात वडील खुर्ची टाकून बसले होते. पायात घरातल्याच चपला, खांद्यावर पांघरूण, हातात वर्तमानपत्र. पलीकडे लाडोबा चकरा मारत होता. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नव्हते.

“हं. तर आजचा पाठ आहे पाहुण्यांचा,” ते मोठ्याने म्हणाले. “लक्ष द्यायचं. एकदाच सांगणार आहे.”

मोतद्दाराने तोंडावर हात धरला. मास्तरांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट एकदाच सांगितलेली कुणाला आठवत नव्हती.

“पहिला, हा राखाडी. बर्फाच्या मुलखातून आलाय. सुटला की तीरासारखा पुढे. बघणाऱ्याला वाटतं, संपली शर्यत. पण याला दम धरता येत नाही. मग आपण काय करायचं? त्याच्यामागे ऊर फुटेस्तोवर पळायचं? मुळीच नाही. जाऊ द्यायचं त्याला.” त्यांनी पान उलटले. “दुसरी, घोडी. तिच्या अंगावर दाट लव वाढलीय म्हणे. तिकडे आपल्यापेक्षा कडाक्याची थंडी ना. इकडे बिचारीला उकडणार. पण हिला कमी लेखायचं नाही. घोडी आहे म्हणून कमी लेखलं की काय होतं, ते काकूला विचार.”

चकरांचा आवाज थांबला होता. लाडोबा भिंतीशी उभा होता आणि त्याचा एक कान आवाजाकडे वळला होता.

“उभा नीट राहा. मान खाली नको. हां. आता तिसरा, ज्याच्याकडे आपली काकू गेलीय. खरी गाठ याच्याशी आहे. हा आधी झोपा काढतो आणि शेवटच्या वळणावर जागा होतो…”

ताई पाय न वाजवता घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात जेवणाचा डबा होता. तिने तो खुर्चीशेजारी उलट्या घातलेल्या बादलीवर ठेवला आणि वैरणीच्या खोलीत निघून गेली. तिथल्या पोत्यांवर ती जरा टेकली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली ती कुणीतरी दाणे चावत असल्याच्या आवाजाने. तो आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. ती दाराशी आली. लाडोबा गव्हाणीत तोंड घालून खात होता. मधेच मान वर करून भिंतीपलीकडे बघत होता, तिथे कुणीतरी आहे याची खात्री करून घेत होता आणि पुन्हा खात होता. बादलीवरचा डबा उघडा होता. रिकामा.

ताईने त्याचे झाकण लावले.

“मीठ कमी होतं,” वडील वर्तमानपत्रामागून म्हणाले.

“उद्या जास्त घालते.”

त्यानंतर ते रोज यायला लागले. आधी संध्याकाळी, मग सकाळीही. चपला जाऊन पायांत बूट आले. वर्तमानपत्रातले पाहुणे संपले की ते जुन्या शर्यती सांगत, त्याही संपल्या की लाडोबाला उभे राहण्यावरून बोल लावत. एकदा दाराशी तीनचार मुले येऊन थबकली. “आलात तसे बसा,” ते म्हणाले, “पण मधे बोलायचं नाही, याचा पाठ कच्चा आहे.” मुले बादल्या उलट्या घालून बसली. घोड्यालाही पाठ असतो, याचे त्यांना जराही नवल वाटलेले दिसले नाही.

लाडोबाच्या बरगड्या पुन्हा झाकल्या गेल्या. मैदानावरच्या सरावात तो आधीसारखा धावला, मग आधीपेक्षा बरा. ताईची झोप मात्र भरून निघाली नव्हती. शर्यत तोंडावर आली होती. गावात परदेशी झेंडे लागले होते, दिवसभर कुणी ना कुणी पत्रकार फाटकाशी उभा असे, आणि रोज तीच उत्तरे देऊन तिचा आवाज बसला होता.

अशाच एका संध्याकाळी डॉक्टर आले. गाडीतून उतरतानाच ते हसत होते.

“चांगली बातमी आहे. पाहुण्याचा सोबती बरा होऊन पोचला. काकूला आत्ता आणून सोडू? तुम्ही तर पहिले काही दिवस सारखा फोन करत होतात.”

मोतद्दाराने हातातले पोते खाली ठेवले. “आणा, आणा! खण झाडून घेतो मी.”

तो वळलाही. ताईने त्याच्या बाहीला धरले.

“नको,” ती म्हणाली.

“नको?” डॉक्टर थांबले.

“म्हणजे, शर्यत होऊ द्या. तिला पुन्हा गाडीत चढवा, उतरवा… तिचे गुडघे आता तसे राहिले नाहीत.”

“गुडघे ठणठणीत आहेत. काल मीच पाहिलेत.”

ताईने मोतद्दाराची बाही सोडली.

“ताई, स्पष्ट बोलतो. रागावू नका. काकू तिकडे आल्यापासून तो पाहुणा दाणा न् दाणा संपवतो, लहान मुलासारखा झोपतो. त्याचा स्वतःचा सोबती आला तरी तो काकूलाच बघतो. ती तिथे राहिली तर कुणाचा फायदा, आणि ती इथे आली तर कुणाचा, हे मी तुम्हाला सांगायला हवं का?”

“कळतं मला.”

“अहो, मग तुमच्या घोड्याला तिची सवय…”

“त्याला आता दुसरी सवय लागलीय,” ताई म्हणाली. “इतक्या तोंडावर बदल नको.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मग तिच्या खांद्यावरून पागेकडे. आत दिवा लागला होता. अर्ध्या भिंतीवरून पांढऱ्या केसांचे एक डोके दिसत होते आणि त्याला जवळजवळ टेकलेले घोड्याचे तोंड. खाली कुठेतरी मुले खुसखुसत होती. डॉक्टरांनी खिशातून हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत ते घातले.

“आणि शर्यतीनंतर?” त्यांनी हळू आवाजात विचारले.

“शर्यतीनंतरचं शर्यतीनंतर.”

गाडी गेली. मोतद्दार पोते उचलून गुमान आत निघाला. ताई फाटक लावायला गेली आणि तिथेच, थंड पडलेल्या लोखंडावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. पागेतून वडिलांचा आवाज येत होता, थोडा घोगरा, पण न थांबणारा.

“राखाडी दमला. घोडी मागे पडली. आता शेवटचं वळण, आणि बाहेरच्या बाजूने तो पाहुणा जागा होतोय. अशा वेळी आपण काय करायचं? तुम्ही नाही रे पोरांनो, तुम्ही गप्प बसा. याला सांगू दे.”

सगळे थांबले. घोडा दाणे चावत होता.

“नाही येत? बरं. काही हरकत नाही,” मास्तर म्हणाले. “उद्या पुन्हा विचारीन.”