बाटलीतला धोतरा

डॉक्टरनं विरूपाक्षच्या काखेत बोटं घातली, बाहेर काढून अंगठ्यावर चोळून पाहिली आणि समाधानानं मान हलवली. मल्लम्मा खाटेच्या पायथ्याशी बसून हे सगळं बघत होती. नाडी बघावी, जीभ बघावी, फार तर पोट दाबून बघावं. पोराच्या काखेत बोटं घालून खूश होणारा डॉक्टर तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मल्लम्मा जात्याच संशयी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. रेणापूरच्या बाजारात तिचं धान्याचं दुकान. नवरा गेल्यावर तिनंच ते चालवलं आणि पोराला वाढवलं. भाजीवालीकडून घेतलेली पावशेर वांगीसुद्धा ती घरच्या तराजूत पुन्हा जोखायची. सून गौरम्मा उदगीरकडची. ती भावाशी कानडीत बोलायला लागली की मल्लम्माला वाटायचं, हे आपल्यावरच चाललंय. बऱ्याचदा ते खरंही असायचं, ती गोष्ट वेगळी.

त्यात हा दुष्काळ. लातूरचा जिल्हा झाला, कलेक्टर आले, साहेबांच्या गाड्या आल्या, पाणी तेवढं आलं नाही. रेणापुरात टँकर आला की लोक घागरी, पातेली, हाताला लागेल ते घेऊन पळायचे. विरूपाक्षनं बाजारातून एक जुना पत्र्याचा डबा आणला. गौरम्मानं तो राखेनं घासला आणि टँकरवर भरून ठेवला. काल दुपारी विरूपाक्ष दुकानातून तहानेनं कासावीस होऊन आला, तेव्हा तिनं त्याच डब्यातलं पाणी त्याला दिलं. तो तांब्या भरून प्याला, आणखी मागून प्याला, आणि थोड्याच वेळात तोंडाला फेस येऊन आडवा झाला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या, छातीत हुक्का गुडगुडावा तसा आवाज. गौरम्माचा भाऊ मडिवाळप्पा नेमका कालच जीप घेऊन आलेला होता. त्यानंच विरूपाक्षला लातूरच्या दवाखान्यात पोचवलं.

डॉक्टर म्हणाले, डब्यात आधी पिकावर फवारायचं औषध असणार, तेच पोटात गेलं. सगळ्यांना पटलं. मल्लम्माला पटलं नाही. ती आपल्या पूजेच्या हंड्यातलंच पाणी प्यायची, म्हणून ती वाचली. पण गौरम्मा? तिनं त्या डब्यातला एक घोट कसा घेतला नाही? डबा घासला तिनं, पाणी दिलं तिनं. आणि जीप त्याच दिवशी कशी उगवली? लातूर जिल्हा झाल्यापासून मडिवाळप्पा विरूपाक्षच्या मागे लागला होता, रेणापूरचं दुकान मोडा आणि लातुरात आडत टाका म्हणून. मल्लम्मानं ते होऊ दिलं नव्हतं. ती काट्याला काटा जोडत गेली आणि संशयाचं भलंमोठं कुंपण तयार झालं.

दवाखान्यातले नळ कोरडे होते. गौरम्मा रस्त्यावरच्या टँकरवरून कळशी भरून आणायची, तांब्या सासूपुढे धरायची. मल्लम्मा तोंड फिरवायची. ओठांना चिरा पडल्या, पण कालपासून तिनं सुनेच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, की तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

डॉक्टरांचं नाव श्रीमंत, नांदेडकडच्या नायगावचे. तरणे होते आणि झोप न झाल्यानं डोळे लाल झालेले.

"हे काय देऊन राहिले पोराला?" मल्लम्मानं काल त्यांना विचारलं होतं.

"उतारा हाय, मावशी. आमचा अभ्यास चालू हाय. काही पेशंटला घडीघडीला सुई देतो, काहींना बाटलीतून थेंब थेंब सोडतो. कोणतं जास्ती बरं, ते बघायचंय. तुमच्या सुनबाईनं सही दिलीय."

अभ्यास पोरं करतात, शाळेत, पाटीवर. इथं पाटी म्हणून तिचा पोरगा होता, आणि सही सुनेची.

काल संध्याकाळी त्याची छाती मोकळी झाली, तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं होतं. पण सकाळी विरूपाक्ष जागा झाला तो वेगळाच. चेहरा लालबुंद, तोंड कोरडं ठणठणीत, बाहुल्या पार फाकलेल्या. आईला ओळखेना. भिंतीकडे बघून गिऱ्हाइकाशी भाव करायला लागला. आणि मग त्यानं दोन्ही हात समोर धरले, चिमटीत काहीतरी पकडलं आणि हळूहळू ओढायला लागला. बोटाबोटांतून दोरा काढत होता. दोरा कुठेच नव्हता.

हा दोरा तिनं आधी पाहिला होता.

ती लहान असताना तिचे अप्पा उदगीरच्या बाजारातून असेच परत आले होते. धर्मशाळेत कुणा भल्या दिसणाऱ्या माणसानं त्यांना लाडू खायला दिला आणि त्यांचा कमरेचा पैशांचा कसा कापून नेला. अप्पा घरी आले ते लाल तोंडानं, फाकलेल्या डोळ्यांनी, बोटांतून दोरा ओढत. मल्लम्मा त्यांच्या मांडीवर बसायला गेली तर त्यांनी तिला ढकललं, ही कोणाची पोर म्हणाले. त्याच भ्रमात ते आडात पडले आणि गेले. धोतरा, गावातली म्हातारी माणसं म्हणाली. लाडवात धोतऱ्याचं बी होतं. सोमवारी महादेवाला धोतऱ्याचं बोंड वाहून झालं की मल्लम्मा अजूनही हात दोनदा धुवायची.

आणि आता तोच धोतरा खाटेवर टांगलेल्या बाटलीतून तिच्या पोराच्या अंगात थेंब थेंब उतरत होता. तिला याची तिळमात्र शंका राहिली नाही.

तिनं कुणाला विचारलं का? नाही. संशयी माणूस विचारत नाही. विचारलं तर पुढचा सावध होईल ना! तो पाळत ठेवतो. मल्लम्मानं नर्सबाई कुठे जाते ते बघितलं, डॉक्टर कधी येतात ते बघितलं. दुपारी गौरम्मा कळशी घेऊन पाण्याला गेली, तशी ती उठली. बाटलीच्या नळीवर एक छोटं प्लास्टिकचं चाक होतं. नर्सबाई ते फिरवून थेंब कमीजास्त करायची, हे तिनं टिपून ठेवलं होतं. तिनं चाक पुरतं फिरवलं. थेंब थांबले. चाकावर पदर टाकून ती शिवशिव म्हणत बसली.

आणि गंमत बघा, तिचं खरं ठरलं. हळूहळू विरूपाक्षचे हात खाली आले. भिंतीशी चाललेला सौदा थांबला. त्यानं मान वळवली आणि नीट तिच्याकडे पाहिलं.

"अव्वा," तो म्हणाला, "तू जेवलीस का?"

मल्लम्माला रडूही आलं आणि हसूही. अप्पांनी तिला शेवटपर्यंत ओळखलं नव्हतं, पोरानं ओळखलं होतं. तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ ओलं होतं. ताप उतरला वाटतं, ती म्हणाली. मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली. तिनं पदरानं पुसली. पुन्हा आली. पुसता पुसता पदर भिजला, आणि छातीत परत तीच गुडगुड सुरू झाली.

"अव्वा, दम..." एवढंच तो बोलला.

गौरम्मा दारात आली, तिनं एकदा खाटेकडे पाहिलं, आणि कळशी तिथंच ठेवून ती पळत गेली. डॉक्टर धावत आले. त्यांनी सुई भरून दिली, पुन्हा भरून दिली, नर्सबाईनं नळी घालून घशातलं पाणी ओढून काढलं. मग डॉक्टरांची नजर बाटलीवर गेली.

"हे चाक कुणी बंद केलं?"

गौरम्मानं चाकाकडे पाहिलं, मग सासूच्या चेहऱ्याकडे. सासू कालपासून बोलली नसली तरी ती तिला ओळखून होती.

"माझा हात लागला असंल, डॉक्टर."

"हात लागून एवढं फिरत न्हाई ते. माणूस गेला असता आत्ता. बाहेर व्हा तुम्ही. परत वार्डात दिसायचं न्हाई."

गौरम्मा दाराकडे निघाली. मल्लम्मा गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. सून बाहेर गेली असती आणि पोरगा एकट्या आईपाशी राहिला असता, जे तिला कालपासून हवं होतं.

"तिला कामून काढता?" ती म्हणाली. "चाक मी फिरवलं."

डॉक्टर वळले.

"तुम्ही त्याला धोतरा देऊन राहिले. माझा बाप त्याच्यानंच गेला. मला शिकवू नका."

डॉक्टर हसतील, नाहीतर कानावर हात ठेवतील, असं तिला वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही. ते खाटेच्या कडेला बसले.

"हाव, मावशी. धोतऱ्यात जे असतं, तेच हाय हे."

मल्लम्मा वळून बाटलीकडे बघायला लागली.

"फवारणीच्या औषधानं छातीत पाणी भरतं," डॉक्टर म्हणाले. "माणूस खाटेवर बुडतो. हे पाणी सुकवतं. कमी पडलं तर बुडतो, जास्ती झालं तर असा बरळतो, दोरे काढतो. काख कोरडी झाली की आम्हाला कळतं, पुरतं पोचलं. पण किती द्यायचं, कसं द्यायचं, ते आम्हाला बी पक्कं ठाऊक न्हाई. म्हून तर अभ्यास. तो बरळंल, हे मी सुनबाईला सांगितलं होतं."

गौरम्मा सासूला सांगायला आली होती, तेव्हा सासूनं तोंड फिरवलं होतं.

मल्लम्माचा विश्वास लगेच बसला असं समजू नका. डॉक्टर उठून दुसऱ्या खाटेकडे गेल्यावर तिनं स्वतःची बोटं पोराच्या काखेत घातली. काख घामानं चिंब होती. आपल्या हातानं आपण काय केलं होतं, ते तिच्या बोटांना लागलं आणि ती हमसून हमसून रडली. बाटलीतून थेंब पुन्हा पडत होते. ज्याला ती शत्रू समजली, त्या प्रत्येक थेंबाची ती आता वाट बघत होती. काख चाचपायची, पुन्हा बसायची. छातीतली गुडगुड विरत गेली. उन्हं कलली तेव्हा तिची बोटं कोरडी बाहेर आली.

विरूपाक्षनं डोळे उघडले. बाहुल्या फाकलेल्या होत्या. त्यानं चिमटीत दोरा पकडला आणि ओढायला लागला, आणि त्याचं टोक समोर बसलेल्या अनोळखी बाईपुढे धरलं.

"धरा हो, बाई. गुंता होईल."

मल्लम्मानं हात पुढे करून ते टोक धरलं. तो ओढत राहिला, ती गुंडाळत राहिली.

गौरम्मा अजून दाराशीच, कळशीपाशी उभी होती. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"गौरा," मल्लम्मा म्हणाली, "पाणी दे."

गौरम्मानं तांब्या भरून आणला. मल्लम्मानं सवयीप्रमाणे तो आधी नाकाशी नेला, वास घेतला. मग सुनेकडे बघत तो तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला.