गुलाबाईचं गाणं कोणाचं?

मुलांच्या शाळेतला प्रकल्प आई करते, भाषण आई लिहून देते आणि बक्षीस मिळालं की फोटोत मूल उभं राहतं. आपल्या बहुतेक घरांत हे इतकं रुळलं आहे, की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटतच नाही. अमळनेरच्या हेमांगी बोरसेलाही वाटलं नव्हतं.

हेमांगी मराठी घेऊन एम.ए. झालेली. लग्नाआधी कविता करायची. पुनम झाल्यापासून मात्र तिचं सगळं लक्ष पोरीकडे. पोर शाळेत गप्प का, इतर मुली पुढे पुढे करतात तेव्हा ही मागे का सरते, याचाच घोर. परीक्षेचा निकाल लागला की दारातच ती विचारायची, कितवा नंबर आला? पुनम आता सात वर्षांची होती.

भाद्रपदाची पौर्णिमा झाली आणि कॉलनीत घरोघरी मातीच्या गुलाबाई, म्हणजे माहेरपणाला आलेल्या पार्वती, बसल्या. महिनाभर संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन घरोघर फिरणार, गाणी म्हणणार, शेवटी डब्यातला खाऊ ओळखणार. यंदा जळगावच्या एका महिला मंडळाने गुलाबाईच्या नव्या गाण्यांची स्पर्धा ठेवली होती. गाणं पूर्वी कुठे न म्हटलेलं हवं, एवढीच अट. कॉलनीतल्या बायकांनी एकमताने हेमांगीचं नाव घेतलं. किती वर्षांनी कोणीतरी तिला लिहायला सांगत होतं! नवरा ललित ऑफिसला गेला, पुनम शाळेत गेली की ती वही घेऊन बसायची. चार दिवसांत दोन कडवी झाली, तिसरं काही केल्या सुचेना. तरी तिने झालेलं गाणं टाइप करून घेतलं. खाली ठळक अक्षरांत ‘रचना : सौ. हेमांगी ललित बोरसे’ असं छापलं आणि पुनमसह स्पर्धेत म्हणणाऱ्या सात मुलींच्या हातात एकेक कागद दिला.

सराव इंदिराबाईंच्या अंगणात चालायचा. इंदिराबाई मूळच्या धुळ्याकडच्या, सत्तरीच्या. सगळी कॉलनी त्यांना अक्का म्हणायची. दोन दिवस सराव नीट चालला. तिसऱ्या दिवशी हेमांगी जरा उशिरा पोहोचली आणि फाटकातच थांबली. तिने लिहिलं होतं :

शरदाच्या चांदण्यात गुलाबाई निघाली,
सासरच्या उंबऱ्याशी क्षणभर थबकली.

आणि मुली टिपऱ्यांच्या ठेक्यावर म्हणत होत्या :

चोपड्याच्या गाडीत गुलाबाई बसली,
खिडकीची जागा नाही म्हणून रुसली.

हा उद्योग कॉलनीतल्या जवरीलालजींच्या नातीचा, हर्षिताचा होता. मोठी म्हणून तीच पुढे असायची. हेमांगीचं तोंड उतरलं. तरी हसून तिने विचारलं, की कागदावर असं आहे का? हर्षिताने सरळ सांगितलं, “काकू, चांदण्यात निघाली म्हटलं की टिपरी कुठे मारायची तेच कळत नाही. गाडीत बसली की बरोबर बसते.” मुली फिदीफिदी हसल्या. त्यांना अजून काहीतरी दाखवायचं होतं. तिसरं कडवं नव्हतं ना, ते पुनमने केलं होतं. पुनम मान खाली घालून उभी. हर्षिताने तिला कोपराने ढोसलं, पण ती बोलेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून म्हटलं :

माहेरच्या दारात माय तिची दिसली,
कितवा नंबर आला गं, पहिलं हेच पुसली.

अंगण हसलं. हेमांगीची कानशिलं तापली. पोरीने चारचौघांत आपल्याला उघडं पाडलं, की तिला हे नुसतंच सुचलं? काहीच ठरवता येईना. ती एवढंच म्हणाली, की स्पर्धा तोंडावर आली आहे, गंमत पुरे, कागदावरचंच गाणं म्हणायचं. मुलींनी कागद काढले. पुनमनेही काढला. पण गाणं सुरू झालं तेव्हा तिचे ओठ मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. टिपऱ्या वाजायच्या, पुनम गोल फिरायची, तोंडातून अक्षर नाही. घरी हेमांगीने गोडीत विचारलं, रागावून विचारलं. अखेर पोर म्हणाली, “तुझं गाणं आहे ना? तू म्हण.”

त्या वाक्याने हेमांगीची झोप उडाली. वर्गात गप्प बसणारी पोर पहिल्यांदा काहीतरी रचून बसली होती आणि ते आपण एका वाक्यात बंद केलं. हे कळत होतं. पण मग आपलं काय? इतक्या वर्षांनी एक गाणं लिहिलं, तेही मुलींनी मोडायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या? आई झाली म्हणजे बाईने आपलं काही म्हणायचंच नाही का? दोन्ही बाजू खऱ्या वाटत होत्या. ललितला विचारलं, तर तो म्हणाला की मुलींना काय कळतं, तू तुझंच ठेव. ते ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दुपारी ती अक्कांकडे गेली. अक्का लसूण सोलत होत्या. हेमांगीने सगळं मन मोकळं केलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आपण महिनाभर इतकी गाणी म्हणतो. एकातरी गाण्याखाली कोनं नाव शे का?”

“नाही. पण ती जुनी आहेत, अक्का.”

“कधीतरी नवी होतीच ना? कोण्या बाईने पहिल्यांदा म्हटलीच असतील. तिने धरून ठेवली असती, तर तिच्याबरोबरच गेली असती. मन्ही माय म्हणायची त्यात मी चार शब्द घातले, मन्या सुनेने दोन काढले. हाई बठ्ठास्नं शे, पोरी, सगळ्यांचं.”

“म्हणजे मी लिहिलं ते काहीच नाही?” हेमांगीचा आवाज चढला.

अक्कांनी लसणाची परात बाजूला सारली. “असं कोणी म्हटलं? तू लिहिलंस म्हणून तर त्यांना मोडता आलं. पण मला एक सांग, तिसरं कडवं तुला का सुचत नव्हतं?”

उत्तर हेमांगीला ठाऊक होतं. लिहिताना डोळ्यांपुढे गुलाबाई नव्हतीच. जळगावचा मंच होता, माइकवर उच्चारलं जाणारं स्वतःचं नाव होतं. गाणं कसं पुढे जाईल यापेक्षा ते ऐकून लोक काय म्हणतील, हेच ती ऐकत होती.

“तरी मला वाईट वाटतंच आहे, अक्का,” ती म्हणाली.

“वाटणारच. वाटू दे. पण त्याच्यासाठी पोरीचं तोंड नको शिवू.”

संध्याकाळी सरावाला हेमांगी हात हलवत गेली. कागद नव्हता. मुलींच्या मधोमध खाली बसली आणि म्हणाली, की तुमचंच गाणं म्हणा. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. हर्षिताने हळूच सुरुवात केली. गाडी आली, खिडकी आली, माहेर आलं. माय नंबर विचारते तिथे मुली अडखळल्या आणि चोरून हेमांगीकडे पाहू लागल्या.

“मग पुढे?” हेमांगीने पुनमला विचारलं. “लेक काय म्हणाली?”

“काहीच नाही,” पुनम म्हणाली. “ती दारातच उभी राहिली.”

आणि वहीपुढे चार दिवस बसून जे आलं नव्हतं, ते विचार करायच्या आतच हेमांगीच्या तोंडातून बाहेर पडलं :

आत नाही गेली लेक, दारातच थबकली,
माय म्हणे, चुकलं गं, आधी सांग, जेवली?

कोणी हसलं नाही. पुनमने आईकडे टक लावून पाहिलं. मग तिने टिपरीवर टिपरी मारली आणि ते कडवं पहिल्यांदा तिनेच म्हटलं. आवाज बारीक होता, पण शेवटच्या शब्दापर्यंत गेला.

जळगावला त्यांचा नंबर आला नाही. निवेदिकेने रचनाकाराचं नाव विचारलं, तेव्हा हेमांगी क्षणभर घुटमळली. खरं सांगायचं, तर स्वतःचं नाव जिभेवर आलंच होतं. मग तिने सातही मुलींची नावं सांगितली आणि शेवटी आपलं.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी ती भाजी घेऊन परतत होती. पलीकडच्या गल्लीत कोणाच्या तरी अंगणात अनोळखी मुली तेच गाणं म्हणत होत्या. त्यांच्या गाण्यात गुलाबाई पारोळ्याच्या रिक्षात बसली होती आणि माय आणखी दोन ओळी बोलत होती. हेमांगीला आत बारीकशी कळ आली. आत जाऊन सांगावं का, की हे मुळात आमचं? पण ती पिशवी खाली ठेवून त्या नव्या दोन ओळी पाठ होईपर्यंत ऐकत राहिली, आणि घरी जाऊन तिने कित्येक वर्षांनी स्वतःची कवितांची वही उघडली.

मैत्रिणींनो, आपण लिहितो, शिवतो, रांधतो, मुलं वाढवतो आणि प्रत्येकाखाली आपलं नाव शोधत बसतो. ‘मी’ सोडणं म्हणजे आपण काहीच नाही असं मानणं नव्हे. हेमांगीचाही तोच घोटाळा झाला होता. आपल्या कामाला दुसऱ्याचा हात लागू देणं, एवढंच ‘मी’ सोडणं आहे. तो हात आपल्याच लेकराचा असेल, तर तो झटकण्याआधी एकदा थांबावं. झटकलेला हात पुन्हा पुढे येईलच, असं नसतं.