हीटर लावला की काझ येतो

सेंट हेडविग चर्चच्या हॉलमागे त्या शुक्रवारी दोन रांगा लागल्या होत्या. एक तळलेल्या माशांची, दुसरी मेलेल्या नवऱ्यांची. दुसरी जास्त लांब होती. तिच्यातल्या बायका पहिल्या रांगेतून घेतलेल्या कागदी ताटल्या हातात धरून बर्फात उभ्या होत्या. मासा गार झाला तरी खाता येतो. नवरा चुकला तर पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबावं लागतं.

रांगेच्या टोकाला लॉरेटा गुर्स्कीची जुनी निळी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. काचा बंद, हीटर पूर्ण सोडलेला. चालकाच्या जागी डेलबर्ट क्रिचफील्ड बसायचा, शेजारी लॉरेटा, मागे एका वेळी तिघीजणी.

"श्वास नाकाने घ्या, ताई," डेलबर्ट सांगायचा. "तोंडाने घेतलात की तो बिचकतो. शंका तर अजिबात आणू नका. शंकेला फार थंड वास असतो, आत्म्यांना सहन होत नाही."

डेलबर्ट पूर्वी गालिचे विकायचा. गालिच्यांच्या धंद्यात शंका घेणारी गिऱ्हाइकं फार, म्हणून त्याने हा धंदा धरला होता.

मिनिटाभरात हीटरच्या जाळीतून वास यायचा. गरम, जड, किंचित गोडसर. मागच्या सीटवरून हुंदका यायचा. "एडी," जेराल्डिन पावलाक म्हणायची. "कामावरून आल्यावर शर्टाला अस्सा वास यायचा बघा." तिच्यानंतर बसणारीलाही तोच वास यायचा आणि तिचाही नवरा यायचा. मिशिगनमधल्या या गावात इंजिनांचा कारखाना होता. तो बंद पडूनही बरीच वर्षं झाली, पण गावातले निम्मे पुरुष तिथेच राबून म्हातारे झाले होते, आणि त्यांच्या शर्टांना तापलेल्या तेलाचा वास होता. धुऊन न जाणारा.

फादरना कुणीतरी विचारलं, हे चालतं का? ते म्हणाले, "हॉलच्या आतलं मी बघतो. पार्किंग पालिकेचं आहे."

लॉरेटाची मुलगी मार्ला कॉफीच्या टेबलामागे उभी राहून हे पाहत होती. ती गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. वडिलांना, म्हणजे काझला, जाऊन वर्षही झालं नव्हतं. हा वास कसला ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लहानपणी काझ गाड्या दुरुस्त करायचा तेव्हा तिने त्याच्या हातात शेकडो वेळा बोल्ट आवळायचे पाने दिले होते. पण आई कित्येक महिन्यांनी हसली होती, म्हणून मार्ला गप्प राहिली. शुक्रवारचा तासभर, तोही उघड्यावर. काय बिघडतं?

"तुझं आलं का गं कुणी?" कॉफी घेताना आर्थर हॅलोरनने विचारलं.

"मी बसत नाही, आर्थर. तुमच्या मिसेस?"

"नाही." आर्थरची बायको पियानो शिकवायची. तिच्या अंगाला लॅव्हेंडरच्या साबणाचा वास असायचा. "दर शुक्रवारी बसतो. मला नुसता खोकला येतो. डेलबर्ट म्हणतो माझी श्रद्धा कमी पडते. म्हणून हल्ली बाहेरच उभा राहतो."

काय बिघडतं, याचं उत्तर रविवारी मिळालं. आई जेवायला आली नाही आणि फोनही उचलेना, तेव्हा मार्ला तिच्या घरी गेली. गॅरेजचा दरवाजा जेमतेम वीतभर वर होता. आत इंजिन चालू होतं. तिने दरवाजा ढकलून वर केला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आणि आईला काखेत हात घालून बाहेर बर्फावर ओढत आणलं. लॉरेटाचे गाल रंगवल्यासारखे लाल दिसत होते. ती ओकली, मग म्हणाली, "डोकं दुखतंय जरा."

"रोज बसतेस तू अशी?"

"शुक्रवार फार लांब असतो गं."

"आणि दार लावून?"

"डेलबर्ट म्हणाला, वाऱ्याने तो पांगतो. मी तरी वीतभर उघडं ठेवते."

"त्या वीतभरामुळे तू आत्ता बोलते आहेस, आई."

हॉस्पिटलमध्ये लॉरेटाला तोंडावर मास्क लावून प्राणवायू दिला. एक्झॉस्टमधला, म्हणजे गाडीच्या धुरातला, जो वायू माणूस मारतो त्याला वास नसतो, हे डॉक्टरांनी तिला सावकाश समजावलं. तिने ऐकून घेतलं. घरी येताना म्हणाली, "डॉक्टर चांगला आहे. पण त्याला काझ माहीत नाही."

"आई, तेल गळतंय गाडीत. इंजिनच्या डोक्यावर झाकण असतं, त्याखालचं गॅस्केट गेलंय. मी बदलते."

"बॉनेटला हात लावायचा नाही. डेलबर्टने बजावलंय. पाना लागला की आत्मा उठून जातो." मग खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "एकदा पुरलाय मी त्याला. आता तू परत हाकलणार?"

डॉक्टरांनी एकटं ठेवू नका म्हटलं होतं, म्हणून तिने आईला गाडीसकट आपल्या घरी नेलं. आई दुपारी झोपली तेव्हा तिने काझची अवजारांची पेटी उघडली.

काम अवघड नव्हतं. वरच्या वायरी आणि नळ्या बाजूला केल्या, बोल्ट काढले, झाकण सैल केलं. खालचं, तेल अडवणारं गॅस्केट आता रबर उरलंच नव्हतं. वाळून कडक झालं होतं, वाकवताच तुटलं. मागच्या बाजूने तेल पाझरत होतं आणि खाली नेमका एक्झॉस्टचा पाइप होता. तेल त्यावर पडे, जळे, धूर होई. गाडी धावत असताना वारा तो धूर मागे उडवून नेई. थांबली की तो वर चढे, आणि हीटरची हवा जिथून ओढली जाते त्या समोरच्या काचेखालच्या फटीतून आत शिरे. हा झाला काझ. त्याच्या येण्याजाण्याचा रस्ता मार्लाने चिंधीने पुसून काढला.

तिने दोन्ही कडा घासून स्वच्छ केल्या, नवं गॅस्केट खाचेत बसवलं आणि बोल्ट मधून बाहेर असे आळीपाळीने आवळत गेली. मनगटाने, कोपराने नाही. जोर केला तर गॅस्केट पिळवटून पुन्हा गळतं. हे काझ जेवतानासुद्धा सांगायचा, काटाचमचा हातात धरून. शेवटी तिने पाइपवरचं तेल पुसलं. उरलंसुरलं जळून गेल्यावर गाडीत कसलाही वास येईना.

आईला तिने सांगितलं नाही. शुक्रवारी कुणीच येणार नाही, लोकांचं लोकांनाच कळेल, असा तिचा साधा हिशेब होता.

शुक्रवारी डेलबर्टने नेहमीप्रमाणे आधी गाडी एक चक्कर फिरवून आणली. "तिचं मन मोकळं करावं लागतं," असं तो म्हणायचा. मग इंजिन चालू ठेवून तिच्याभोवती हात जोडून प्रदक्षिणा घातली, दारं उघडली आणि लॉरेटाला पुढे बसवलं.

आणि काझ आला. नेहमीपेक्षा जोरात आला. मागच्या सीटवर तिघी एकदम रडायला लागल्या.

गॅस्केट खाचेतून सटकलं असेल? एखादा बोल्ट राहिला? क्षणभर, निव्वळ क्षणभर, तिला वाटलं की बाबा खरंच आले असले तर. मग ती टेबलावरचा साखरेचा चिमटा आणि मूठभर कागदी रुमाल उचलून गाडीकडे गेली आणि खिडकीतून म्हणाली, "बॉनेटचा खटका ओढ, डेलबर्ट."

"ताई, तो आत आहे."

"म्हणूनच. त्याला भेटायचंय."

रांग हसली. डेलबर्ट हलेना, तेव्हा लॉरेटानेच वाकून खटका ओढला. तिला वाटलं, मुलीला अखेर पटलं.

मार्लाने बॉनेट वर केलं आणि रुमाल झाकणाच्या कडेने चारही बाजूंनी फिरवला. तो पांढराच राहिला. "गॅस्केट मी या आठवड्यात बदललंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

लॉरेटा गाडीतून उतरली. "तू उघडलंस हे?"

"हो, आई. आता आधी बघ, मग रागाव." इंजिनातलं तेल मोजायची पट्टी तिने ओढून दुसऱ्या रुमालावर टेकवली. काळा डाग. मग चिमट्यात तिसरा रुमाल धरून धुमसत असलेल्या पाइपच्या पत्र्यावरून फिरवला. डाग मधासारखा, पिवळा, पारदर्शक. "इंजिनातलं तेल काळं आहे. पाइपवरचं नवं कोरं आहे. आतून आलेलं नाही. वरून ओतलंय."

"लाल बाटलीतून," आर्थर हॅलोरन म्हणाला. सगळे वळले. "हॉलमधली केचपची बाटली. प्रदक्षिणा घालताना तो बॉनेटपुढच्या जाळीतून आत पिचकारी मारतो. दर वेळी नाही, पण आज मारली. मला वाटलं विधीचाच भाग आहे."

"अहो, मग बोलला नाहीत कधी?" जेराल्डिनने विचारलं.

"मला कोण विचारतं? माझी श्रद्धा कमी."

डेलबर्टच्या कोटाच्या डाव्या खिशावर तेलाचा डाग पसरला होता. त्याने त्यावर हात ठेवला, पण सावरलाही लगेच. "अभिषेक आहे तो. वाट बुजली की आत्म्याला ती मोकळी करून द्यावी लागते. ज्या गाडीत आत्म्याचा वास असतो तिच्यातच हे साधतं, वाटेल त्या गाडीत नाही."

"तुझी किल्ली दे, डेलबर्ट," जेराल्डिन म्हणाली.

"माझ्या गाडीत कुणी—"

"दे म्हणते ना."

त्याची पांढरी गाडी शेजारीच होती. मार्लाने इंजिन तापू दिलं, बॉनेट उघडलं, डेलबर्टच्या खिशातून काढलेल्या त्याच बाटलीतलं चमचाभर तेल एक्झॉस्टच्या पाइपवर सोडलं आणि हीटर लावला. जेराल्डिन ताटली मांडीवर घेऊन आत बसली. बाहेर रांग काचांना चिकटली. थोड्या वेळाने तिने काच खाली केली.

"आला," ती कोरडेपणाने म्हणाली. "एडी आलाय. गालिचेवाल्याच्या गाडीत. जिवंतपणी त्याने या माणसाला अंगणातसुद्धा उभं केलं नव्हतं."

कुणीतरी हसलं. बऱ्याच जणी हसल्या नाहीत. त्यांची पाळी यायची होती, आणि आता येणार नव्हती.

डेलबर्ट लॉरेटाकडे वळला. त्याचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. "लॉरेटाताई, तुम्ही सांगा यांना. तुम्ही त्याला ओळखलंत. बायको चुकेल का?"

लॉरेटा इंजिनाकडे बघत होती. झाकणाच्या स्वच्छ कडेवरून तिने बोट फिरवलं आणि ते उजेडात धरून पाहिलं. काझ बघायचा तसं.

"मधून बाहेर आवळलेस बोल्ट?" तिने मार्लाला विचारलं.

"हो. मनगटाने."

लॉरेटाने मान हलवली. मग ती डेलबर्टला म्हणाली, "माझ्या नवऱ्याने सारी हयात इंजिनं गळू नयेत म्हणून घालवली. शेजाऱ्याच्या गाडीखाली तेलाचा थेंब दिसला तरी त्याला जेवण जायचं नाही. तो परत आला असता ना, तर आधी हे बॉनेट उघडून कुणी ही दशा केली म्हणून ओरडला असता. तो येऊन गळतीत बसेल? आणि मला म्हणेल, दार लावून घे?" ती मार्लाकडे वळली. "मला इतकं कसं कळलं नाही?"

डेलबर्ट आपल्या गाडीने गेला. काचा उघड्या ठेवून, कारण एडी अजून आत होता.

लॉरेटाने आर्थरला घरी सोडायला गाडीत घेतलं. हीटर लावला. तळलेल्या माशाशिवाय कसलाही वास आला नाही. दोघंही वाटभर रडली, आपापल्या माणसासाठी, आणि त्यासाठी कुणाची मदत लागली नाही.

त्या रांगेतल्या बायका मूर्ख नव्हत्या. वास खरा होता आणि दुःखही खरं होतं; दोघांच्या मधे एक माणूस किल्ली घेऊन बसला होता, एवढंच. तेव्हा आठवण आली तर खुशाल रडावं. गाडीत जळका वास आला तर बॉनेट उघडावं. आणि उघडू नका असं कुणी सांगितलं, तर आधी त्याचे खिसे बघावेत.