दुसरा खिळा

मी एक जुना लाकडी बाण आहे, मित्रांनो. माझ्या लाल रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि टोक बोथट झाले आहे. तरी अजून मला कुणी सरपणात टाकलेले नाही. त्रिएस्ते शहराच्या वरच्या दगडाळ पठारावर एक तिठा आहे. तिथल्या खांबावर माझे आयुष्य गेले.

आमच्याकडे द्राक्षमळेवाले वर्षातून थोडे दिवस आपले अंगण उघडतात. घरची वाईन, खारवून सुकवलेले मांस, उकडलेली अंडी, चीज, काकडीचे लोणचे. बाकावर बसायचे आणि निवांत खायचे-प्यायचे. याला म्हणतात ओस्मित्सा. ज्याची पाळी असेल तो तिठ्यावर बाण ठोकतो आणि त्यावर आयव्हीच्या वेलीची हिरवी डहाळी बांधतो. डहाळी असेपर्यंत आलेल्याला परत पाठवायचे नाही. पिंपे रिकामी झाली की डहाळी उतरवायची.

मला घडवले स्तोयानने, फुटक्या पिंपाच्या फळीतून. त्याची नवी नवरी दानिला मला बघून म्हणाली होती, "हा बाण आहे की वाळवलेला मासा?" स्तोयान म्हणाला, "मासा तर मासा. माणसं घरी आणली म्हणजे झालं." आणि मी आणली. चाळीस वर्षे आणली. परतताना लाल गालांचे प्रवासी माझ्या पाठीवर थाप मारून जात, तेव्हा मी फुगून जात असे, हे कबूल करतो.

मागच्या शरदात द्राक्षे पिळून झाली, रस पिंपात गेला आणि आठवड्याभरात स्तोयान गेला. मी तळघरात पोत्यांखाली पडून राहिलो. त्याची शेवटची वाईन माझ्या शेजारीच मुरत होती. तिची चव घ्यायला कुणी खाली आले नाही.

वसंतात दानिलाने ठरवले, अंगण उघडायचे. तिची मुलगी नाद्या म्हणाली, "आई, झेपणार आहे का तुला? लोक बाबांसाठी यायचे."

"येवोत, न येवोत. तुझ्या बाबांची वाईन मी मोरीत ओतणार नाही," दानिला म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिने स्वतः मला खांबावर ठोकले, डहाळी बांधली आणि अंडी उकडायला घरी गेली. पण तिने एकच खिळा मारला होता. स्तोयान दोन मारायचा. दुसरा खिळा शेपटीकडे, मागच्या बाजूने, चटकन. हे त्याने घरात कधी कुणाला सांगितले नव्हते, आणि स्वयंपाकघरात गुंतलेल्या दानिलाने कधी पाहिले नव्हते. दुपारी बोरा वारा सुटला. हा आमच्याकडचा वारा कौलेसुद्धा उडवतो. माझी काय कथा! मी गर्रकन फिरलो आणि शेजारच्या मळेवाल्या अलॉईझच्या वाटेकडे तोंड करून अडकलो.

मित्रांनो, तीन दिवस मी माणसांना चुकीची वाट दाखवत होतो. गाववाल्यांना वाटले, दानिला दुःखात आहे, तिची पाळी अलॉईझने घेतली असेल. ते तिकडे जात. गुडघेदुखीने बेजार झालेला अलॉईझ खिडकीतूनच ओरडे, "बंद आहे!" आणि माणसे आपापल्या घरी परतत. माझ्यासमोरून. मला तोंड नाही याचे इतके वाईट कधी वाटले नव्हते.

रविवारी दुपारी दानिला आली. मागे नाद्या होती. दानिलाने मान वर केलीच नाही. ती डहाळीची गाठ सोडू लागली.

"उद्यापर्यंत तरी थांब ना, आई," आता नाद्याच म्हणत होती.

"कशाला? तीन दिवस अंडी उकडतेय आणि आपणच खातोय. पिंपं विकून टाकू. मळासुद्धा." डहाळी तिच्या हातात आली.

तेवढ्यात अलॉईझच्या वाटेवरून काठी टेकत अलॉईझ आला. बरोबर फेराराहून आलेले एक प्रवासी जोडपे होते. त्यांनी त्याच्या दारात हट्ट धरला होता, की बाण इकडेच आहे, आम्ही जाणार नाही. म्हणून तो बाण पाहायला निघाला होता.

"दानिला, तीन दिवस तुझे पाहुणे माझ्या अंगणात घुसतायत. माझ्या कोंबड्यांना वाटतंय घरात लग्न आहे. जरा वर बघ की."

दानिलाने वर पाहिले. माझे टोक अलॉईझच्या वाटेकडे होते.

"म्हणजे लोक आले होते?"

"आले होते म्हणजे? निम्मं गाव माझ्या शिव्या खाऊन गेलं. दुसरा खिळा कुठाय?"

"कुठला दुसरा?"

अलॉईझने काठीने माझी सुटी शेपटी दाखवली. मग हळू आवाजात म्हणाला, "सांगितलं नव्हतं होय त्यानं?"

दानिला तिथेच दगडावर बसून रडली. प्रवासी बाईने भीत भीत विचारले, "आजी, डहाळी काढलीत. बंद झालं का?"

"नाही गं बाई," डोळे पुसत दानिला उठली. "नाद्या, बांध ती परत. चला, अंडी कोमट आहेत अजून. आणि वाईन कशी झालीय ते मलाही ठाऊक नाही. तुमच्याबरोबरच चाखते."

अलॉईझने मला पुन्हा दानिलाच्या वाटेकडे वळवले आणि खांबातलाच एक जुना खिळा उपटून दगडाने माझ्या शेपटीत ठोकला. संध्याकाळपर्यंत तिच्या अंगणातून गाणी ऐकू येत होती.

मित्रांनो, मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. एवढेच मागतो: तुमच्या घरातही कुणीतरी रोज काहीतरी मुकाट्याने करत असेल. आज त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, तुम्ही काय काय करता. सांगायला ते आहेत, तोवर विचारा.