रंगाचा जादा हात

"तुमच्या मिसेस गेल्या," एवढंच दवाखान्यातून फोनवर सांगितलं. सुतार तेव्हा रंधा मारत होता. त्याने फोन ठेवला आणि हातातली फळी पुरी केली. का, ते त्याला आजही कळत नाही.

आठ दिवसांनी तो तिचं सामान आणायला संशोधन केंद्रात गेला. ती तिथे मुलांच्या बुद्धीची चाचणी घ्यायची. लाकडी चौकटीत नऊ लाल-पांढरे ठोकळे समोरच्या चित्रासारखे बसवायचे. किती सेकंद लागले त्यावर गुण, आणि गुणांवरून मूल शाळेत कसं शिकेल याचा अंदाज.

जुने ठोकळे झिजले म्हणून नवे त्यानेच करून दिले होते. बायकोचं काम म्हणून रंगाचा एक हात जादाच मारला. तेवढ्याने ठोकळे चौकटीत अडकू लागले. मुलं दाबत बसली, घड्याळ पळत राहिलं. एकोणीस मुलं मंद ठरली आणि शाळेने त्यांना वेगळ्या वर्गात बसवलं.

चूक तिनेच पकडली. "अहो, पोरं हुशार आहेत, रंग मंद आहे तुमचा! घराच्या भिंतींना कधी मारला नाहीत जादा हात!" हसून झाल्यावर तिने फेरचाचणीचा अर्ज दिला. मग आजारी पडली.

"बाई फार मनापासून काम करायच्या," केंद्रप्रमुख म्हणाले.

"तिच्या अर्जाचं काय झालं?"

"मिस्त्री, त्याच गुणांवरचा आमचा शोधनिबंध छापूनही आला. पाच-दहा सेकंदांनी काय आभाळ कोसळतं?"

"मग मोजता कशाला?"

"हे बघा, तुम्हाला यातलं कळायचं नाही."

सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या सामानातली ठोकळ्यांची चौकट काढून त्याने टेबलावर आपटली. आठ ठोकळे ठोकून बसवले, नववा प्रमुखांपुढे सरकवला.

"बसवा. घड्याळ मी लावतो."

प्रमुखांनी दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. ठोकळा आत जाईना.

"साठ सेकंद झाले," सुतार म्हणाला. "चला, वेगळ्या वर्गात बसा आता."

प्रमुखांनी शिपायाला हाक मारली.

घरी येऊन त्याने नऊही ठोकळे पॉलिश पेपरने घासले. आता ते एका बोटाने बसतात. अर्जाला उत्तर आलेलं नाही. मुलं त्याच वर्गात आहेत. एकोणीस जणांची फेरचाचणी राहिली आहे.