खोदकामास सक्त मनाई

"खाली काय आहे?" इंजिनिअर ओंकारने विचारलं.

पोकलेनचा दात जमिनीला लागण्यापूर्वी हा प्रश्न विचारायचाच असतो, आणि उत्तर द्यायचं ते भिमाजीने. कंपनी त्याला लाइन वॉकर म्हणे. जमिनीखालून डिझेल-पेट्रोलचा पाइप गेलाय त्या पट्ट्यावरून रोज चालत जायचं आणि कुठे गळती, चोरी, खड्डा दिसतोय का ते बघायचं. औंढ्यापासून मळवलीकडे जाणाऱ्या ह्या पट्ट्यावर त्याची जवानी चालून संपली होती.

"जुनी लाइन हाय, सायेब."

"ती नकाशात आहे हो भाऊ. आणखी काही?"

भिमाजीने पायाखालच्या गवताकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला.

दिल्लीत नवा कायदा झाला होता. रिफायनऱ्यांनी जास्त तेल गाळावं आणि ते देशभर पोचवताना नियमांनी पायात पाय घालू नयेत, असा त्याचा मथितार्थ. देश आता वेगाने पुढे जाणार, असं टीव्हीवर सांगत होते. तो औंढ्याच्या शिवारातून जाणार, हे सांगायचं राहिलं. जुन्या पाइपाशेजारी, त्याच पट्ट्यात, दुसरा जाडजूड पाइप. रेषा अगदी सरळ आखली होती. फक्त तुंगार्लीच्या बंगल्यांपाशी आल्यावर तिला का कोण जाणे, वळावंसं वाटलं.

भिमाजीच्या बायकोला, झुंबरबाईला, लग्नानंतर फार उशिरा मुलगी झाली आणि बारशाच्या आतच गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पण पुरायचं कुठे? ओढ्याकाठी प्लॉट पडत होते. भावकीने शेताचा सौदा मुंबईवाल्याशी केलेला. आज लेक ठेवावी तिथे उद्या कोणाचा तरी पोहण्याचा तलाव व्हायचा. सगळ्या शिवारात एकच जागा अशी होती, जिथे खणायला, घर बांधायला, झाड लावायला सरकारची बंदी होती. तशी पिवळी पाटीच होती. पाटीवर विश्वास ठेवणारा मावळातला तो बहुधा शेवटचा माणूस. पाइपापासून जरा बाजूला त्याने हातभर खोल खड्डा काढला, पोरीला ठेवलं, मीठ घातलं, वर काटेरी फांद्या टाकल्या.

नियम त्याने तेवढा एकदाच मोडला. नंतर मात्र कोणाला मोडू दिला नाही. गावातल्या सरूबाईने पट्ट्यात आंब्याचं रोप लावलं तेव्हा त्याने ते उपटून तिच्या हातात दिलं.

"लय लागून गेलास रं कंपनीचा! तुजं काय सोनं पुरलंय व्हय तितं?" ती ओरडली.

"व्हय," भिमाजी म्हणाला.

लोक पोट धरून हसले. भिमाजीला विनोद जमतो, असा गावात समज झाला तो त्या दिवशी.

आता संध्याकाळी तो घरी आला आणि भाकरीकडे बघत बसला. झुंबरबाईला सांगावं लागलं नाही. पोकलेन तिनेही पाहिला होता.

"सायबाला सांगितलं का?"

"काय सांगू? ज्या पट्ट्याची राखण केली त्यातच खड्डा काढला, आसं? नोकरी जाईल."

"जाऊ दे की. कुणासाठी करतो आपुन?"

सकाळी दोघं मिळूनच गेली. झुंबरबाईने काखेत एक दुपटं घेतलं होतं, तेव्हाच शिवलेलं, न वापरलेलं.

"सायेब, काल मी खोटं बोल्लो," भिमाजी म्हणाला. "खाली माजी लेक हाय."

ओंकार वाईट माणूस नव्हता. त्याने हेल्मेट काढलं. बाजूला जाऊन फोन लावले. पाइप दोन हात सरकवायचा तर पूर्वी एका अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागे. तो सहा महिने घेई, पण ऐकून तरी घेई. नव्या कायद्याने परवानगीचीच गरज काढून टाकली होती, त्यामुळे परवानगी मागायची खुर्चीही गेली होती. आखणी पक्की. नाही म्हणायलासुद्धा आता कोणी उरलं नव्हतं.

"दुपारपर्यंत मशीन थांबवतो, मावशी," ओंकार खाली बघत म्हणाला. "तुम्ही हाताने काढून घ्या. तेवढंच माझ्या हातात आहे."

दोघांनी खुरप्याने माती उकरायला घेतली. वरची माती, मग खालची लाल, चिकट. मावळातला पाऊस वर्षानुवर्षं तिच्यातून झिरपला होता. हातभर झालं, दोन हात झालं. मीठ नाही, काटा नाही, काहीच नाही.

"हितंच ना?" तिने विचारलं.

"हितंच."

"मग आजून खाली बग."

खाली मातीच होती. बाजूला उकरलं, तिथेही तीच. पोकलेनचा ड्रायव्हर सावलीत बसून होता. त्याने मोबाइलवरचं गाणं आपणहून बंद केलं.

"माती तरी घे," भिमाजी म्हणाला.

झुंबरबाईने दुपटं पसरलं. एक ओंजळ उचलली, बघितली, परत टाकली. दुसरी उचलली.

"ह्यातली कुटली?" ती म्हणाली.

तिने दुपट्याची घडी घातली आणि काखेत धरली. ओंकार जवळ येऊन उभा राहिला. भिमाजीनेच हिरवं निशाण दाखवलं, ते दाखवायचं कामही त्याचंच होतं.

महिन्याभरात पाइप बसला. उपसलेली माती पोकलेनने औंढ्यापासून पार पुढच्या ओढ्यापर्यंत सारखी पसरून दाबली. काम छान झालं, असं सगळ्यांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी भिमाजी पहाऱ्याला निघाला. जिथून नवी माती सुरू होत होती, तिथे तो थांबला. वाकून कंपनीचे बूट काढले, हातात घेतले, आणि ओढ्यापर्यंतचा सगळा पट्टा, पाय जपून टाकत, अनवाणी चालत गेला.